सुगंधाची किंमत त्वचा मोजते

क्रीमची नवी डबी हातात आली की माणूस आधी झाकण फिरवून ती नाकाशी नेतो. दुकानातली विक्रेतीही "वास बघा किती छान आहे" असेच म्हणते. डबीत कोणते मेण आहे, कोणते तेल आहे, ओलावा धरून ठेवणारा घटक किती आहे, हे उभ्या उभ्या कळायला गिऱ्हाइकापाशी काही साधन नसते. वास मात्र क्षणात कळतो. त्यामुळे मालाचा निवाडा नाक करते आणि त्याचे परिणाम त्वचेला भोगावे लागतात.

सुगंधी द्रव्याचे त्वचेवर काम काय, हा साधा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ग्लिसरीन कोरडेपणा कमी करते. पेट्रोलियम जेली ओलावा उडू देत नाही. झिंक ऑक्साइड ऊन अडवते. सुगंध यातले काहीच करत नाही. कच्च्या मालाचा तेलकट, उग्र वास झाकणे आणि डबी पुन्हा विकत घ्यावीशी वाटायला लावणे, एवढेच त्याचे काम. धडधाकट त्वचेच्या बहुतेकांना याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही, हेही खरे. पण ज्यांना लहानपणी एक्झिमा होता, ज्यांच्या गालांची साध्या फेसवॉशनेही आग होते, ज्यांचे हात थंडीत फुटतात, त्यांच्यासाठी हाच बिनकामाचा घटक डबीतला सर्वांत जोखमीचा घटक ठरू शकतो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आणि 'केमिकल नको' म्हणून इसेन्शियल ऑइलच्या बाटलीकडे वळलेल्यांसाठी तर विशेष करून.

'सेन्सिटिव्ह स्किन' हे कुठल्या एका रोगाचे नाव नाही. एरवी ज्याने काही होऊ नये अशा गोष्टीने चुरचुरणे, आग होणे, खाज येणे, टोचल्यासारखे वाटणे, अशी तिची व्याख्या खाजेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये केली. त्यामागची कारणे निरनिराळी. कुणाला लहानपणापासून अटोपिक डर्माटायटिस, म्हणजे एक प्रकारचा एक्झिमा, असतो, कुणाला रोझेशिया, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणणारा विकार. आणि अलीकडे एक मोठा वर्ग असा तयार झाला आहे, ज्याने चांगली त्वचा हौसेने नाजूक करून घेतली आहे: रोज स्क्रब, त्यावर ॲसिडचे सीरम, रात्री रेटिनॉल, महिन्याला फेशियल. कारण कोणतेही असो, होते ते सारखेच. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींच्या मध्ये जी चरबी भरलेली असते ती विरळ होते, आतले पाणी बाहेर उडते आणि बाहेरचे रेणू आत शिरतात. सुगंधी रेणू मुळातच लहान असतात, तेलात विरघळतात. तसे नसते तर ते हवेतून उडून नाकापर्यंत पोचलेच नसते. याच गुणामुळे ते त्वचेतही सहज उतरतात.

आत उतरल्यावर दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात. पहिली म्हणजे इरिटेशन, साधी जळजळ. द्रव्य तीव्र असले किंवा जास्त लागले की त्वचा तिथल्या तिथे तक्रार करते, आणि धुऊन टाकले की निवळते. दुसरी ॲलर्जी, आणि ती फार वेगळ्या वाटेने येते. रेणू त्वचेतल्या प्रथिनाला चिकटतो. त्वचेत पहाऱ्याला असलेल्या लँगरहान्स पेशी त्याला जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात आणि तिथे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्याची ओळख कायमची नोंदवून घेतात. याला निदान दहा-पंधरा दिवस लागतात. पुष्कळदा वर्षानुवर्षे वापर झाल्यावर ही नोंद होते. तोवर बाहेरून काहीच दिसत नाही. नोंद झाल्यानंतर मात्र तोच रेणू थोडासा जरी लागला, तरी एक ते तीन दिवसांनी तिथे खाज, लाली, बारीक पाणीदार पुरळ उठते. ही ओळख सहसा पुसली जात नाही.

या उशिरामुळेच खरा दोषी सुटतो. सोमवारी लावलेल्या क्रीमची खाज बुधवारी येते, तेव्हा मंगळवारी खाल्लेल्या वांग्यावर नाहीतर कोळंबीवर आळ जातो. नाहीतर 'उष्णता वाढली', 'पित्त उठले', 'रक्त अशुद्ध झाले'. घरातली क्रीमची डबी कुणाच्या मनातही येत नाही, कारण "ती तर मी दहा वर्षे वापरतेय." दहा वर्षे वापरली म्हणूनच तिच्यावर पहिला संशय घ्यायला हवा, हे आपल्या सवयीच्या विचाराला उलटे वाटते. ॲलर्जी होण्यासाठी आधी ओळख व्हावी लागते, आणि ओळख वापरातूनच होते.

वनस्पतीपासून येणारी अशी ॲलर्जी महाराष्ट्राला नवी नाही. बिब्बा उतणे म्हणजे काय ते खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक आहे. औषध म्हणून बिब्बा लावला आणि एखाद्याचे अंग सुजून, फोड येऊन तो आठवडाभर तळमळत राहिला, अशा गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, धोब्याने कपड्यांवर बिब्ब्याने केलेल्या खुणेच्या बरोबर खाली, असेच पुरळ उठत होते आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिले. गाजर गवत, म्हणजे आपले काँग्रेस गवत, १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले. पुढच्या वीस वर्षांत त्या परिसरात त्याच्या ॲलर्जीची साथच पसरली. पापण्या, मान, कोपराची लवण यांवरची कातडी जाड आणि काळी पडलेले शेतकरी दवाखान्यांत येऊ लागले. काहींना शेतात पाऊल टाकणेही अशक्य झाले. बिब्बा आणि गाजर गवत दोन्ही शंभर टक्के नैसर्गिक आहेत. ही उदाहरणे जवळ असूनही डबीवर पान-फूल छापलेले दिसले की आपण निर्धास्त होतो, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

इसेन्शियल ऑइल 'फुलाचा अर्क' म्हणून विकले जाते, तेव्हा तो अर्क किती आटवलेला असतो हे सांगितले जात नाही. एक किलो गुलाबतेल काढायला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. देवघरात वाहिलेल्या चार गुलाबांना हात लावणे आणि त्या तेलाचे दोन थेंब गालाला चोळणे यांची तुलनाच होऊ शकत नाही. लवंगेच्या तेलात सत्तर ते नव्वद टक्के युजेनॉल असते. गवती चहाच्या तेलात बहुतांश सिट्रल असते. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन. लव्हेंडरच्या तेलात लिनालूल आणि त्याचे भाऊबंद. प्रयोगशाळेत बनवलेल्या 'कृत्रिम' परफ्यूममध्येही हेच लिनालूल, हेच जिरेनिऑल, हेच सिट्रल असते. रेणू झाडात तयार झाला की कारखान्यात, हे टी-पेशीला कळत नाही. सुगंधाची ॲलर्जी तपासण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ १९७० च्या दशकापासून आठ द्रव्यांचे एक ठरावीक मिश्रण वापरतात. त्यात दालचिनीतले सिनॅमल आहे, लवंगेतले युजेनॉल आहे, गुलाबात आणि जिरेनियममध्ये असणारे जिरेनिऑल आहे आणि ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या जातीचा अर्कही आहे. म्हणजे संशयितांच्या यादीत निसर्गातले घटक पहिल्यापासून आहेत.

यात लिनालूल आणि लिमोनीन यांची गोष्ट थोडी थांबून समजून घेण्यासारखी आहे, कारण घरातल्या बाटलीशी तिचा थेट संबंध आहे. ताजी, शुद्ध असताना ही दोन्ही द्रव्ये क्वचितच ॲलर्जी आणतात. म्हणून ती कितीतरी वर्षे निरुपद्रवी समजली गेली. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी ती हवेत उघडी ठेवून पुन्हा तपासली, तेव्हा चित्र पालटले. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि ती जोरकस ॲलर्जीकारक असतात. रुग्णांच्या पाठीवर शुद्ध लिनालूल लावल्यावर जे सुटत होते, ते हवा लागलेले लिनालूल लावल्यावर पटकन सापडू लागले. आता न्हाणीघरातली ती छोटी बाटली डोळ्यांसमोर आणा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भेट दिलेली, झाकण अर्धवट लागलेले, तळाशी थोडे तेल आणि वर सगळी हवा. खाली गिझरची वाफ, समोर खिडकीतून ऊन. वास अजून छान येतो म्हणून ते तेल चांगलेच आहे असे आपण धरून चालतो. मुरमांवर लावायला आणलेल्या टी ट्री ऑइलचेही असेच होते. जितके जुने आणि हवा लागलेले, तितके ते त्रासाचे.

ऊन हा आणखी एक भाग. बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीतून जे तेल काढतात त्यात बर्गाप्टेन असते. ते त्वचेवर असताना ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळा डाग राहतो. हे तेल घातलेले कोलोन वापरणाऱ्या बायकांच्या गळ्यावर ओघळाच्या आकाराचे डाग पडतात हे युरोपातल्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टिपले होते. आपल्याकडे चेहरा उजळायचा म्हणून लिंबाची फोड गालावर चोळून बाहेर पडणारे आहेत. त्याच कुळातले फळ, त्याच जातीची द्रव्ये, आणि आपले ऊन युरोपापेक्षा कितीतरी प्रखर.

डाग हा शब्द आला आहे तर आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सुगंधाच्या ॲलर्जीवरचे बहुतेक लिखाण गोऱ्या त्वचेला धरून झाले आहे. तिथे लाल चट्टा उठतो, लगेच दिसतो, माणूस डॉक्टरकडे जातो. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर लाली नीट दिसत नाही. कधी तर पुरळ उठतच नाही. आत मंद दाह चालू राहतो, त्यात रंगद्रव्य खालच्या थरात सांडते आणि महिन्यांनी, वर्षाने गाल, कपाळ, मान राखाडी-तपकिरी दिसू लागते. खाज थोडी असते किंवा नसतेच. ही ॲलर्जी आहे अशी शंकाही येत नाही. "उन्हाने काळवंडले", "वांग आले", "वय झाले" म्हणून ती सोडून दिली जाते.

याचा सर्वांत मोठा धडा जपानमध्ये मिळाला. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या असंख्य स्त्रियांचे चेहरे असे काळवंडत गेले. कारण कळत नव्हते, उपचार लागू पडत नव्हते. या स्त्रिया चेहरा झाकण्यासाठी आणखी दाट मेकअप करत आणि त्याने चेहरा आणखी काळा पडे. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ नाकायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौंदर्यप्रसाधनांतले घटक सुटे करून एकेक तपासले. सापडली ती काही रंगद्रव्ये आणि सुगंधी द्रव्यांची एक लांबलचक रांग: जाईच्या फुलांचा अर्क, इलांग-इलांगचे तेल, लव्हेंडर, जिरेनियम, बेंझिल सॅलिसिलेट, हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल आणि चंदनाचे तेलसुद्धा. त्यांनी रुग्णांना हे घटक वगळून बनवलेला साबण आणि प्रसाधने दिली आणि बाकी सगळे बंद करायला लावले. महिन्यांनी नव्हे, वर्षा-दोन वर्षांनी चेहरे निवळू लागले. १९७७ मध्ये ओसाकातल्या काही स्त्रियांनी कंपन्यांना न्यायालयात खेचले. त्याच सुमारास मोठ्या कंपन्यांनी संशयित घटक काढायला सुरुवात केली आणि नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने उतरली. १९८० मध्ये जपानने ॲलर्जी आणू शकणाऱ्या ठरावीक घटकांची नावे डबीवर छापणे बंधनकारक केले.

जाई, चंदन असलेली ही यादी वाचताना मराठी वाचकाच्या मनात आपल्याच घरातल्या वस्तू येतील. आपल्याकडे याचा जवळचा नमुना कुंकवाच्या ॲलर्जीचा आहे. हळदीला चुन्याची प्रक्रिया करून घरी केलेले कुंकू मागे पडले आणि बाजारातल्या पुडीत ॲझो रंग, सुगंधी द्रव्ये, चिकटपणासाठी आणखी काही असे मिसळले जाऊ लागले. कपाळाच्या मधोमध आणि भांगाच्या रेषेत खाज, मग काळपट डाग, अशा रुग्णांची वर्णने भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वर्षे केली आहेत. तिथे निदान डागाची जागाच कारण सांगते. चेहराभर लावायच्या क्रीमच्या बाबतीत तीही खूण मिळत नाही.

आणि डाग पडल्यानंतर इथे जे घडते ते जपानपेक्षाही वाईट आहे. चेहरा काळवंडला म्हणून 'ब्राइटनिंग' क्रीम आणले जाते. तेही सुगंधी. त्याने भागले नाही की औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेली ट्यूब येते, ज्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. स्टेरॉइड दाह दाबते, म्हणून आठवड्याभरात चेहरा खरोखरच उजळ आणि गुळगुळीत दिसतो. हाच तो घातक क्षण. ज्या सुगंधाने आजार सुरू झाला तो डबीतून रोज लागतच असतो, फक्त त्याची खूण दबलेली असते. ट्यूब थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, लव वाढते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकले. तरी ही ट्यूब नातेवाइकांच्या आणि मैत्रिणींच्या सल्ल्याने घरोघर फिरतच राहते. ट्यूबवर पुष्कळ लिहिले गेले. तिच्या आधीच्या सुगंधी डबीवर फारच थोडे.

पार्लरबद्दल एकच गोष्ट सांगतो. चेहरा झणझणला की "काम चालू आहे" असे समजण्याची पद्धत पडली आहे. पुदिन्यातला मेंथॉल त्वचेतल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, म्हणून गार वाटते. तापमान उतरलेले नसते. कापूर आणि निलगिरीचे तेलही असेच फसवे. नाजूक त्वचेला झणझणणे ही धोक्याची खूण आहे, तेवढ्यावरच पॅक धुऊन टाकायला सांगावे. आणि लग्नाच्या आठवड्यात तर नवीन काहीही चेहऱ्याला लावू नये. ज्या मुली दिवसभर हे पॅक आणि तेले हाताळतात त्यांच्या बोटांचा एक्झिमा हा वेगळा विषय आहे. त्यांना ना हातमोजे मिळतात, ना रजा.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र मला जास्त आग्रहाने बोलायचे आहे. बारशाला येणाऱ्या भेटींत पावडर, लोशन, मसाज तेल, शाम्पू यांचा सुगंधी संच हमखास असतो. त्या पावडरीच्या वासालाच आपण 'बाळाचा वास' म्हणू लागलो आहोत. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा पुष्कळ जास्त असते आणि तिचा वरचा थर अजून पक्का झालेला नसतो. मालीशवाल्या मावशी तेच तेल रोज अंगभर, अर्धा तास, गरम हातांनी जिरवतात. ज्या घरात आई-वडिलांना दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा एक्झिमा आहे तिथे या त्वचेवर सुगंधी रेणूंची ओळख इतक्या लवकर करून देण्यात काय शहाणपण आहे? घाण्यावरचे, सुगंध न घातलेले खोबरेल किंवा साधे खनिज तेल मालिशीला पुरते. पाहुण्यांची भेट नम्रपणे कपाटात ठेवावी, आजीची समजूत घालावी आणि वासाचे काही बाळाच्या अंगाला लावू नये.

यावर एक रास्त आक्षेप येईल: मग उटणे, गजरा, अत्तर सगळेच सोडायचे का? सुगंध आपल्या सणांत, पूजेत, लग्नकार्यात इतका मुरलेला आहे की त्याच्यावाचून दिवाळीची पहाट मनात आणणेही अवघड. मी त्याच्या विरोधात नाही. युरोपातल्या पाहण्यांत सर्वसाधारण लोकांपैकी साधारण एक ते चार टक्क्यांना सुगंधी द्रव्यांची ॲलर्जी आढळते, म्हणजे बहुसंख्यांना ती नाही. शिवाय धोका मात्रेवर, वेळेवर आणि जागेवर अवलंबून असतो. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद घातलेले उटणे वर्षातून दोन-चार दिवस अंगाला लागते आणि पाच मिनिटांत धुतले जाते. अत्तराचा फाया कानाच्या पाळीत किंवा सदऱ्याच्या आत असतो. गजरा केसांत. सकाळ-संध्याकाळ लावून चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर तसेच ठेवायचे क्रीम ही अगदी निराळी गोष्ट आहे. तिथे तोच रेणू वर्षाला सातशेहून अधिक वेळा त्वचेशी गाठ घेतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी सुगंधाची हौस कपड्यांवर भागवावी. चेहरा, मान, काखा, फुटलेले हात यांवर बसून राहणाऱ्या कुठल्याही वस्तूत वास नको. धुऊन टाकायच्या साबणाबाबत थोडी ढिलाई चालेल. उघड एक्झिमा असलेल्यांना तीही चालणार नाही.

पण हे पाळायचे कसे? डबीवरचे शब्द इथे फार मदत करत नाहीत. 'अनसेंटेड' लिहिलेल्या क्रीममध्ये कच्च्या मालाचा वास मारण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. वास येत नाही, रेणू असतात. 'फ्रॅग्रन्स फ्री' हे जास्त भरवशाचे, पण त्यातही वनस्पतीचे तेल 'त्वचेसाठी गुणकारी' म्हणून किंवा बेंझिल अल्कोहोल टिकाऊपणासाठी म्हणून येऊ शकते. 'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाला तर कायद्याचा काहीच आधार नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने १९७५ मध्ये त्याला पुराव्याची अट घालायचा प्रयत्न केला होता. प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तो शब्द कुणीही छापावा असाच आहे. त्यामुळे पुढची बाजू सोडून मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. तिथे परफ्यूम, फ्रॅग्रन्स, अरोमा किंवा कुठल्याही फुला-फळाचे ऑइल दिसले की डबी परत ठेवावी. यादीच्या शेवटी नाव आहे म्हणून नगण्य समजू नये. भारतातल्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून कमी असलेले घटक कुठल्याही क्रमाने छापता येतात, आणि सुगंधाची ॲलर्जी भडकायला एक टक्क्याचा अंशही पुरतो. लहान पॅकवर घटकांची यादी नसली तरी चालते अशी सवलतही आहे. ज्या देशात गरीब माणूस पाऊच आणि छोट्या ट्यूबाच विकत घेतो त्या देशात ही सवलत कुणाच्या पथ्यावर पडते हे वेगळे सांगायला नको.

नवीन क्रीम घेतलेच तर दुकानात मनगटाला लावून एक मिनिट वाट पाहण्याला काहीच अर्थ नाही. वर सांगितले तसे ॲलर्जीला दिवस लागतात. कोपराच्या लवणीजवळ, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर, दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर आणि जमल्यास दोन आठवडे लावावे. तिथे खाज, खरखर, पुरळ, काळपटपणा काहीही आले तर ते चेहऱ्यावर जाऊ देऊ नये. निव्वळ इसेन्शियल ऑइलची अशी चाचणी घरी करू नये, कारण त्या चाचणीनेच ॲलर्जी जडू शकते.

आधीच त्रास चालू असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. योसेफ याडासोन या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये ती मांडली आणि तिची मूळ कल्पना अजून तीच आहे. छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांत व्हॅसलिनमध्ये घोटलेले एकेक द्रव्य भरतात, त्या वाट्या चिकटपट्टीने पाठीवर रांगेत लावतात आणि पेनने खुणा करतात. अठ्ठेचाळीस तास पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मुंबईच्या मे महिन्यात हे कठीणच, म्हणून शक्यतो थंडीत करावी. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठ बघतात. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेल्या द्रव्यांच्या संचात सुगंधी मिश्रण आणि पेरू बाल्सम नावाची सुगंधी राळ दोन्ही असतात. जाताना घरातले सगळे घेऊन जावे: क्रीम, केसांचे तेल, शेव्हिंग लोशन, कुंकू, देवाला लावायचे अष्टगंध, वेदनाशामक बाम. नवऱ्याच्या अत्तराने बायकोच्या मानेवर पुरळ उठलेले असू शकते.

या तपासणीनंतर रुग्णाच्या हातात एक चिठ्ठी पडते. तिच्यावर लिहिलेले असते, समजा, जिरेनिऑल आणि आयसोयुजेनॉल. ती घेऊन तो दुकानात जातो आणि डबी उलटी करून बघतो, तर कित्येक डब्यांवर 'परफ्यूम' एवढा एकच शब्द. त्या शब्दाखाली डझनावारी, कधी शंभरावर द्रव्ये असू शकतात. युरोपीय संघाने अशा २६ द्रव्यांची नावे स्वतंत्रपणे छापायची सक्ती २००३ च्या दुरुस्तीने केली. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्का आणि धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्का ही मर्यादा ओलांडली की नाव छापायचे. २०२३ मध्ये ती यादी वाढवून ऐंशीच्या वर नेली गेली. नव्या मालासाठी ३१ जुलै २०२६ आणि जुन्या मालासाठी ३१ जुलै २०२८ ही मुदत आहे. या वाढीव यादीत तेलेही नावानिशी आली आहेत. लायरल नावाचे लोकप्रिय सुगंधी द्रव्य ॲलर्जी आणते हे कळूनही ते युरोपच्या बाजारातून पूर्ण जायला २०२१ उजाडले, म्हणजे तिथलेही सगळे वेळेवर झाले असे नाही. पण तिथल्या रुग्णाला निदान चिठ्ठीवरचे नाव डबीवर शोधता येते. आपल्या त्वचेवर या दाहाचा डाग वर्षानुवर्षे टिकतो, तेव्हा ही सोय आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रसाधनावर, मग तो पाच रुपयांचा पाऊच का असेना, सुगंधी द्रव्यांची नावे सुटी छापली गेली पाहिजेत, इसेन्शियल ऑइलमधली द्रव्येसुद्धा. ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि त्वचारोगतज्ज्ञांनी एकत्र येऊन औषध नियंत्रकांकडे लावून धरावी. स्टेरॉइडच्या ट्यूबांविरुद्ध डॉक्टरांनी आवाज उठवला तेव्हा सरकारला नियम बदलावे लागले होते.